थ्रिलरला म्युझिक टाकलं तरी भीतीच वाटत नाहीये, काय चुकतंय?

अर्धवट_एडिटर:
कॉलेज प्रोजेक्टसाठी बारा मिनिटांची थ्रिलर केलीये, एडिट लॉक झालंय. गोष्ट साधी आहे, रिकाम्या बिल्डिंगमध्ये मुलगी एकटी आणि कोणीतरी तिच्या मागावर. पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत टेन्शनवालं म्युझिक टाकलंय तरी मित्र म्हणतायत की सिरीयलमधली सासू आता एन्ट्री घेणार असं वाटतं 😭 पावलांचे आवाज नेटवरून घेतले ते पण वरून चिकटवल्यासारखे वाटतायत. फेस्टिव्हलला पाठवायचीये, प्लीज मदत करा.

कानसेन:
आधी सगळं म्युझिक म्यूट कर आणि फिल्म नुसती बघ. जिथे तशीच चालतेय तिथे परत टाकूच नको. सतत वाजणाऱ्या म्युझिकची कानाला सवय होते आणि मग ऐन मोक्याला तुझ्याकडे वाढवायला काही उरतच नाही. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ला (1963) नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाहीये, इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बनवलेले पक्ष्यांचे आवाज आणि शांतता यावरच सगळा खेळ. पण शांतता म्हणजे ट्रॅक कोरा ठेवणं नाही हां, तसं केलं तर स्पीकर बंद पडला असं वाटतं. त्याच बिल्डिंगमध्ये जाऊन सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या रिकाम्या जागेचा स्वतःचा बारीक आवाज, रेकॉर्ड करून आण आणि तो सगळ्या सीनखाली हळू आवाजात पसरव.

फोलीवाली:
पावलं स्वतः रेकॉर्ड कर गं/रे! स्क्रीनवर सीन लावायचा आणि बघत बघत तिच्यासारखं चालायचं, बूट तसेच, फरशी पण शक्यतो तशीच. माइक पायाला चिकटवू नको, कॅमेरा लांब असेल तर माइकपण लांब ने. नेटवरचे आवाज चिकटवलेले वाटतात कारण ते बहुतेक वेळा जवळून आणि कोरडे, म्हणजे न घुमणारे, रेकॉर्ड केलेले असतात, त्यांना थोडा रिव्हर्ब (खोलीतली घुमणूक) दे, वरच्या फ्रिक्वेन्सी जरा कापून बघ. आणि मागे लागलेला माणूस दाखवायच्या आधी ऐकव ना, पुढच्या शॉटचा आवाज आधीच्या शॉटवर ओढून घ्यायचा. तिची पावलं थांबली आणि दुसरी एकदोन पडून मग थांबली की काम झालं, तिथे व्हायोलिन कशाला हवंय.

मिक्सिंग_मामा:
फेस्टिव्हल म्हणतोयस तर लायसन्स आत्ताच बघ. फ्रीसाउंड या आवाजांच्या वेबसाइटवर प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं असतं, सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) झिरो असेल तर बिनधास्त वापर, सीसी बाय असेल तर क्रेडिट द्यावंच लागतं, एनसी असेल तर कमर्शियल वापर चालत नाही. रॉयल्टी फ्री म्हणजे फुकट नव्हे, हे पण लक्षात ठेव. मिक्स करताना आधी डायलॉग नीट बसव, बाकी सगळं त्याच्याभोवती. प्रोजेक्टचा ऑडिओ सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झला ठेव. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये फेअरलाइट हा साउंडचा भाग आहे, एवढ्या कामाला पुरतं.

अर्धवट_एडिटर:
भारी!! एक विचारायचं राहिलं, खालचा घुंऽऽ असा ड्रोन (सतत वाजणारा एकच सूर) हेडफोनवर जबरदस्त वाटतो पण मोबाइलवर गायब, असं का?

मिक्सिंग_मामा:
मोबाइलचा छोटा स्पीकर इतका खालचा बेस वाजवूच शकत नाही. ड्रोनची एक कॉपी करून तिच्यावर थोडं डिस्टॉर्शन मार (आवाज मुद्दाम जरा फाड) म्हणजे हार्मोनिक्स, त्याच आवाजाचे वरच्या पट्टीतले सूर, तयार होतात, ते मोबाइलवर पण ऐकू येतील. आणि पाठवायच्या आधी मोठ्या हॉलमधल्या स्पीकरवर एकदा वाजवून बघ, तिथे हाच ड्रोन डायलॉग गिळून टाकू शकतो.