स्पेड म्हणजे फावडं? पत्त्यांतला तरी नाही

काठवट: काल इथे कोणीतरी ठणकावून लिहिलं की पत्त्यांतला 'स्पेड', म्हणजे इस्पिक, हे खणायचं फावडं आणि 'कॉल अ स्पेड अ स्पेड' (जे आहे ते स्पष्ट बोलणं) ही म्हणही पत्त्यांवरूनच आली. दोन्ही साफ चूक! पत्त्यांतलं नाव इटालियन 'स्पादे'चं, म्हणजे तलवारींचं. त्यांच्या पत्त्यांत आजही तलवारीच असतात. इंग्रजांनी चित्र फ्रेंचांचं घेतलं, नाव तलवारीचं. म्हणीत तर मुळात अवजारच नव्हतं. प्राचीन लेखक प्लुटार्कच्या ग्रीकमध्ये 'स्काफे' आहे, आपली काठवट म्हणा. डच विद्वान इरॅस्मसने लॅटिनमध्ये त्याचं खणायचं अवजार केलं आणि 1542 मध्ये अनुवादक निकोलस युडालने इंग्रजीत 'स्पेड'.

इस्पिक_एक्का: ते मीच लिहिलं होतं. म्हणीचं मान्य, पण तलवार आणि फावडं परके कसे? 'स्पादा' लॅटिन 'स्पाथा'तून आला, तो ग्रीक 'स्पाथे'तून. अर्थ रुंद पातं. जुन्या इंग्रजीतला 'स्पादु' त्याच कुळातला. मग 'साफ चूक' कशाला?

बांधावरून: अहो, आधी स्पेड म्हणजे फावडं हेच कोणी ठरवलं? फावडं आपल्याकडे ओढायचं, स्पेड पायाने दाबून जमिनीत घालायचा. माझ्या मुलीने पेपरात 'फावडं' लिहिलं, तर बाईंनी खोडून 'कुदळ' केलं आणि मार्क कापला. कुदळीने माती ओढता येते का? बाईंनी पिकाला पाणी देताना एकदा तरी दारं धरलंय का?

पंचगंगाकाठ: दारं धरायला फावडं? आमच्याकडे खोरं म्हणतात. टिकाव-खोरं.

बांधावरून: खोरं म्हणजे नदीचं. कृष्णा खोरं, गोदावरी खोरं. अवजाराचं नाव फावडंच.

पंचगंगाकाठ: म्हणजे आमचे आजोबा चुकीचं बोलत होते? साठ वर्षं उसाला पाणी पाजलं त्यांनी, रात्रीच्या लाइटीला, हातात खोरं घेऊन. शब्दकोश बघून पाणी पाजायचं होतं का?

बांधावरून: आजोबांना मध्ये आणू नका. आमचेही आजोबा शेतातच होते.

काठवट: मूळ विषयावर या हो! एक्का, कूळ एक, हे मानतो. पण इंग्रजी पत्त्यातलं नाव फावड्यावरून आलेलं नाही, तलवारीवरून आलंय. भावंडं असतील, पण चुलत.

इस्पिक_एक्का: चुलत तर चुलत. काल तेवढंही मानत नव्हतात.

पंचगंगाकाठ: आणि खोऱ्याचं काय?

बांधावरून: तुमच्या गावात म्हणा खोरं. पण मुलीचा कापलेला मार्क मला परत हवाय. उद्या फावडं घेऊनच शाळेत जाणार आहे.