आरटीआरची तोंडी परीक्षा: तीन आठवडे, तीन हजार रुपये

पांझरा:
नमस्कार मंडळी. शिरपूरला फ्लाइंग सुरू आहे. डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेचे) लेखी पेपर झाले, आता आरटीआरचा, म्हणजे विमानातून रेडिओवर बोलायच्या परवान्याचा, तोंडी भाग राहिलाय. हातात तीन आठवडे आहेत, खर्च ३,००० रुपयांच्या आत हवा. क्लाससाठी पुण्या-मुंबईला जाणं जमणार नाही. आधी ट्रान्समिशन (रेडिओवर बोलायचा सराव) घ्यावं की रेडिओचा सिद्धान्त?

रावेरची_केळी:
ताई, पहिले हेडसेट घ्या. साधा, बॅटरीशिवायचा पॅसिव्हसुद्धा महाग जातो, पण एकदाच घ्यायचा असतो. माइक ओठाला जवळजवळ टेकलेला हवा. बोटभर लांब गेला की इंजिनाचा आवाज शब्दांवर चढतो. ती सवय आत्तापासून लागली पाहिजे.

गोंदूरकर:
त्यांनी तीन हजार लिहिलंय, भाऊ. तोंडी परीक्षेत वाक्यं बघतात.

पांझरा, आधी ट्रान्समिशनच. सगळा जोर रीडबॅकवर, म्हणजे टॉवरने सांगितलेलं परत म्हणण्यावर द्या. क्लिअरन्स (परवानगी), रनवे, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब), लेव्हल (उंची), हेडिंग (दिशा), वेग, स्क्वॉक कोड (रडारवर ओळख पटवणारा आकडा) हे जसंच्या तसं परत म्हणायचं आणि शेवटी आपला कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव. इथे नुसतं 'रॉजर' चालत नाही. 'रॉजर' म्हणजे ऐकलं, एवढंच. ऐकलं आणि तसं करतो, यासाठी 'विल्को'. 'टेकऑफ' हा शब्द फक्त टेकऑफची परवानगी देताना, रद्द करताना आणि तिच्या रीडबॅकमध्ये. होल्डिंग पॉइंटला (रनवेआधी थांबायच्या जागी) 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणा. आकड्यांचे उच्चार: ३ 'ट्री', ४ 'फोवर', ५ 'फाइफ', ९ 'नाइनर', हजार 'टाउसंड'. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिलाच शब्द तुटतो आणि तो नेमका स्टेशनचं नाव असतो.

सारंगखेडा_तापी:
रीडबॅक पाहिजेच, रॉजर चालत नाही. पण कान तयार व्हायला एअरबँडचा (विमानांच्या फ्रिक्वेन्सीचा) हातातला सेट मागवा आणि जळगाव टॉवर ऐकत बसा. त्याला तोड नाही.

गोंदूरकर:
हे कृपा करून करू नका. विनापरवाना वायरलेस संच जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि परीक्षा वायरलेसच्याच परवान्याची आहे. मोबाइलवर आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐका. मेडे, म्हणजे संकटातला पुकारा, रोज दहा वेळा म्हणा, क्रम न मोडता: 'मेडे' तीनदा, कोणाला बोलावतोय, आपला कॉलसाइन, काय झालं, काय करणार, कुठे आहोत, लेव्हल, हेडिंग. आधी चालू फ्रिक्वेन्सीवर, उत्तर नाही आलं तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर. 'काय करणार' गाळू नका; मदत कुठे पाठवायची ते त्यावरूनही ठरतं.

अमळनेर_बोरी:
डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितकी विरळ, त्याला जुळणारी उंची) कोणीच सांगितलं नाही? जळगावचा मे धरा, ४३ अंश. प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून काढलेली उंची) १,००० फूट, त्या उंचीचं प्रमाण तापमान १३. फरक ३०, दर अंशाला १२० फूट, म्हणजे ३,६००. उत्तर ४,६०० फूट. विमान जमिनीवर असतं, पण इंजिन, प्रोपेलर आणि पंखांना ४,६०० फुटांवरची विरळ हवा मिळते. म्हणून धाव लांबते.

रावेरची_केळी:
ते चेकराइडच्या (उड्डाणाच्या परीक्षेच्या) तोंडीत येतं, आरटीआरमध्ये नाही.

अमळनेर_बोरी:
खान्देशात उडणाऱ्याला आलंच पाहिजे, परीक्षा कुठलीही असो.

यावलचा_घाट:
मूळ प्रश्नाकडे येऊ. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि आरटीआर दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आलं. जुन्या नोट्समधला अर्जाचा भाग सोडून द्या, डीजीसीएची ताजी सूचना वाचा.

सिद्धान्तात 'का' विचारतात. व्हीएचएफ, म्हणजे टॉवरशी बोलायच्या रेडिओ लहरी, सरळ रेषेत जातं, म्हणून पल्ला उंचीवर ठरतो: फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३. २,५०० फुटांवर साधारण ६१ नॉटिकल मैल, आणि मध्ये सातपुडा आला तर त्याहून कमी. एएम आणि एफएम या आवाज लहरीवर चढवायच्या दोन रीती. विमानात एएम का, एफएम का नाही? एफएममध्ये जोरकस सिग्नल दुसऱ्याला पार गिळतो. एएममध्ये दोघं एकदम बोलले तर शिट्टी ऐकू येते आणि कोणाचं तरी बोलणं दबलंय हे कळतं. एचएफ (लांब पल्ल्याच्या रेडिओ लहरी) आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततं. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची.

टॉवरवरून विमानाला दाखवतात ते दिव्यांचे इशारेही बघून ठेवा. हवेत स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या चालू ठेवा. लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. ही दोन सहज उलटी होतात. पण हे सगळं नंतर. गोंदूरकर म्हणतात तसं आधी ट्रान्समिशन.

सारंगखेडा_तापी:
हो, ट्रान्समिशनच आधी. घाबरू नको, भो.

पांझरा:
सगळ्यांचे आभार. तरी मी सिद्धान्तच आधी घेते, पहिले आठ दिवस. एएमचं कारण वाचल्यावर बटण दाबण्याआधी दोन सेकंद ऐकायचं का असतं ते लक्षात आलं. आजवर तो नियम नुसता पाठ होता. हेडसेट, सेट काही घेत नाही. मेडेचं रेकॉर्डिंग आज रात्रीपासून. अमळनेर, तुमचं गणित वहीत उतरवलंय.