धोका दिसत असूनही माणूस पाण्यात का उतरतो?

प्रश्न (दापोली तालुका)

आमचे घर हर्णै बंदरालगत आहे आणि वडील तांडेल (होडीचे प्रमुख) असल्यामुळे माझा एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ समुद्र पाहतच मोठा झाला. गेल्या जुलैमध्ये तो मित्रांबरोबर आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी उभा होता. ओहोटी लागली होती, पाणी जोराने बाहेर ओढत होते, आणि एका मित्राची निळी चप्पल वाहून जाताना दिसताच हा तिच्यामागे पाण्यात उतरला. दोर टाकून त्याला बाहेर काढावे लागले. रात्री मी त्याला विचारले, "तुला ओढ दिसली नव्हती का?" तो म्हणाला, "दिसली होती, पण विचार येईपर्यंत मी पाण्यात होतो." वडिलांच्या मते त्याला समुद्राची भीती नीट समजावून सांगितली की पुरे. मला ते पटत नाही. उतावीळ माणसाला धोका कमी दिसतो, की दिसूनही तो थांबू शकत नाही?

उत्तर १ (रत्नागिरी, मानसशास्त्राची शिक्षिका)

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या भावाच्या उत्तरात तो फरक स्पष्ट दिसतो. व्हाइटसाइड आणि लायनम या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये आवेगशीलतेचे, म्हणजे उतावीळपणाचे, चार पैलू मांडले: भावनेच्या भरात कृती करणे, पूर्वविचार न करणे, काम तडीस न नेणे आणि थराराची ओढ असणे. थराराची ओढ असलेला माणूस धोका पाहून त्याकडे जातो. पूर्वविचार न करणाऱ्याच्या बाबतीत मात्र धोक्याचे ज्ञान शाबूत असूनही ते कृतीच्या आधी उपयोगी पडत नाही, आणि म्हणून नुसत्या उपदेशाने फारसे साधत नाही.

धोका किती मोठा वाटतो, हे वेगळ्या कारणांवर ठरते. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये दाखवले की भयानक आणि अनोळखी वाटणारा धोका लोकांना मोठा वाटतो. रोजच्या खाडीची भीती म्हणूनच कमी होते.

मला मित्रांची उपस्थिती सर्वांत महत्त्वाची वाटते. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या अभ्यासात संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळात किशोरांनी आणि अठरा ते बावीस वर्षांच्या तरुणांनी सोबती पाहत असताना एकटे असतानापेक्षा अधिक धोका पत्करला. प्रौढांवर तसा परिणाम दिसला नाही. तो एकटा असता तर चप्पलेसाठी उतरला असता का, हे त्यालाच विचारावे.

उत्तर २ (मालवण, होडीमालक)

बाईंचे म्हणणे पटते, पण धोका पत्करणारा प्रत्येक जण उतावीळ नसतो, हे सांगितलेच पाहिजे. खाडीच्या तोंडावर लाटा फुटत असताना होडी आत घ्यायची असेल, तर आमचा तांडेल इंजिन मंद ठेवून पाण्याकडे पाहत थांबतो, मोठ्या लाटा पुढे जाऊ देतो आणि मगच जोर लावतो. धोका तोही घेतो, पण मोजून घेतो.

उतावळ्यासाठी निर्णय आधीच झालेला बरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ती माशांच्या प्रजननासाठी आहे आणि आमच्या सुरक्षिततेसाठीही. त्या काळात "आज जाऊ का?" हा प्रश्नच उरत नाही. आमच्या होडीवर जीवरक्षक जॅकेट बांधल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, कारण जाळे ओढण्याच्या घाईत ते कोणालाही आठवत नाही. तुमच्या वडिलांनी भावाला भीती सांगण्याऐवजी असा एखादा नियम लावून द्यावा.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. भावाला विचारले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "एकटा असतो तर गेलो नसतो." पावसाळ्यात गुडघ्याच्या वर पाणी लागले की थांबायचे, आणि काही वाहून गेले तर दोर हातात असल्याशिवाय कोणीही उतरायचे नाही, असे त्याने आणि त्याच्या मित्रांनी मिळून ठरवले आहे. वडिलांनी जुना नायलॉनचा दोर त्यासाठी काढून दिला आहे.