जाहिरातीतली गाडी आणि आपला पाय: किस्से येऊ द्यात

परवा गाडीची एक जाहिरात बघताना मध्येच थांबवली. कड्याच्या काठाने मागची चाकं घसरवत, धुळीचा लोट उठवत गाडी चाललेली, आणि खाली पांढऱ्या धुळीवर पांढऱ्याच अक्षरांत एक ओळ: चालक प्रशिक्षित आहेत, रस्ता बंद ठेवला आहे, अनुकरण करू नये. चष्मा लावून पडद्याला नाक टेकवलं तेव्हा कुठे वाचता आली. बाकीची सगळी जाहिरात 'कर की अनुकरण' म्हणत होती.

तर प्रश्न असा: कुणी केलंय का? खरं खरं सांगा. 'माझ्या एका मित्राने' म्हणून स्वतःचं सांगितलंत तरी आम्ही समजून घेऊ.

* * *

मित्राने वगैरे नाही, मीच. वय एकवीस, गाडी दादाची, समोर मोकळं मैदान. जाहिरातीत तो पठ्ठ्या हँडब्रेक ओढतो आणि गाडी दोन गाड्यांच्या मधे अलगद आडवी जाऊन बसते. मीही स्टिअरिंग फिरवलं आणि ब्रेक ओढला. मागची चाकं जॅम झाली खरी, पण गाडी गर्रकन फिरायच्या ऐवजी तिरकी होऊन फरफटत गेली आणि कुंपणाला टेकून बंद पडली. मागच्या टायरला एका जागी सपाट चट्टा पडला. नंतर गाडी चालवली की मागून 'धप धप धप'. दादाला कुणी काही सांगावंच लागलं नाही, त्या आवाजावरून त्याने ओळखलं. बोलला काही नाही. किल्ली मात्र आठ महिने नजरेस पडली नाही.

* * *

माझं पाण्याचं आहे. जाहिरातीतल्या उंच गाड्या ओढ्यातून जातात, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख फुटतात, आत बसलेले हसतात. माझ्या गाडीचे पंख फार सुंदर उडाले. मग ठप्प आवाज आला आणि इंजिन गेलं. मी शहाण्यासारखा पुन्हा सेल मारला. मेकॅनिकने एअर फिल्टर काढून माझ्यासमोर पिळला, त्यातून पाणी टपकलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टन वर जाताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माझा वाकला. वर तो म्हणाला, "नशीब समजा, पाणी साचलेलं होतं." वाहत्या पाण्याला फूटभर खोलीसुद्धा पुरते, बऱ्याच छोट्या गाड्या तेवढ्यात तरंगायला लागतात.

* * *

अशा चित्रीकरणांवर मी काही वर्षं दिवे उचलले आहेत, म्हणून जरा लांबण लावतो. आधी टँकरने रस्ता भिजवतात. ओल्या डांबरावर उजेड चमकतो, शिवाय पकड कमी झाल्यामुळे बेताच्या वेगातही गाडी घसरवता येते. दुसऱ्या गाडीच्या छतावर क्रेन असते, तिला लटकवलेला कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवरून पळतो. तिथून बैलगाडीसुद्धा विमान वाटेल. वेग आणखी वाढवायचा तर सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रं टिपायची, की ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी पडद्यावर ८०ने धावते. इंजिनाची डरकाळी नंतर स्टुडिओत चढवतात.

आणि गंमत म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल बंद केलेला असतो. तो चालू असला तर गाडी घसरू लागताच एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणतो. माहितीपत्रकात ज्याचं कौतुक छापायचं, तेच बंद करून जाहिरात काढायची!

त्यावर कडी म्हणजे २०१६ साली 'द मिल' या कंपनीने आणलेली 'ब्लॅकबर्ड'. विजेवर चालणारी नुसती चौकट, लांबी-रुंदी हवी तेवढी कमी-जास्त होते. रस्त्यावर ती पळवायची आणि नंतर संगणकावर तिच्या अंगावर हवी ती गाडी चढवायची. ज्या गाडीवर तुम्ही भाळलात ती तिथे आलेलीच नसते.

* * *

जाहिरातीतल्या वळणावळणाच्या रस्त्यावर मागच्या सीटवरचं पोर कधी ओकत नाही. आमचं ओकलं. दोनदा. एवढंच.

* * *

मी ड्रायव्हिंग शिकवते. नवीन मुलं पहिल्या दिवशी एक मनगट स्टिअरिंगवर टाकून, दुसरं कोपर खिडकीत ठेवून बसतात. हे कुठून आलं ते सांगायला नको. एकाला विचारलं, समोर अचानक कुणी आलं तर? म्हणाला, कट मारीन. त्याला हिशेब करून दाखवला: ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यालाच सेकंदभर लागतो. वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पण जाहिरातीत गाडी थांबताना दाखवतच नाहीत ना, मॅडम." खरंच आहे. समोरून कुणी येतही नाही.

* * *

जरा उलट बाजू मांडतो, मारू नका. ऑडीची १९८६ची जाहिरात आठवा. फिनलंडमध्ये काइपोला इथे स्कीच्या उडीसाठी बांधलेला ३७.५ अंशांचा चढ, आणि हाराल्ड डेमुट हा रॅलीचा चालक १०० सीएस क्वाट्रो घेऊन तो चढला. ते बघून कुणालाही आपण करून बघावंसं वाटत नाही, कारण तसा चढ आणायचा कुठून? माझा राग आहे तो आपल्यासारख्याच रस्त्यावर केलेल्या करामतींवर.

आणि फसवणुकीवर. व्होल्वोच्या १९९०च्या जाहिरातीत राक्षसी चाकांचा ट्रक ओळीने गाड्या चिरडत जातो, एक व्होल्वो तेवढी उभी राहते. ती आतून लाकडाने-पोलादाने मजबूत केली होती आणि शेजारच्या गाड्यांचे छत पेलणारे खांब कापून ठेवले होते. १९९१ मध्ये अमेरिकेत कंपनीने आणि तिच्या जाहिरात संस्थेने प्रत्येकी दीड लाख डॉलर भरले.

* * *

धागा काढला मी, तर माझंही घ्या. त्या कड्यावरच्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेऊन आलो. शोरूममध्ये भिंतभर पोस्टर, चारही चाकं हवेत. सेल्समन शेजारी बसला, पट्टा लावला, गाडी फाटकापाशी आली तसा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "सर, पुढे स्पीडब्रेकर आहे, अगदी हळू घ्या. खाली घासते."