मदत हवी आहे: पॉलिहाऊस १० गुंठे टाकू की डायरेक्ट एक एकर?

फलटणकर_९१: नमस्कार मंडळी, फुलांचं पॉलिहाऊस टाकायचंय. कंपनीवाला म्हणतो १० गुंठ्यात काही उरत नाही, एकरच टाका. मित्र म्हणतो आधी छोटं कर. लवकर सांगा प्लीज, या आठवड्यात फायनल करायचंय.

गुंठामंत्री: फूल कुठलं? पाणी विहिरीचं का बोअरचं? कर्ज काढणार का? काहीच न सांगता गुंठे का एकर म्हणजे पोरगी न दाखवता लग्न करू का विचारल्यासारखं झालं.

फलटणकर_९१: जरबेराच हो, अजून काय. पाणी भरपूर आहे. कर्ज १० लाख. फक्त आकडा सांगा.

मावळी_गडी: आमचा २० गुंठे जरबेरा आहे, पाचवं वर्ष. १० गुंठ्याचा हिशोब घे. चौरस मीटरला ६ रोपं म्हणजे ६ हजार रोपं, ३५ रुपयांनी २ लाख १० हजार नुसत्या रोपांचे. पुढं रोजची सरासरी ६०० फुलं, म्हणजे १० फुलांच्या ६० गड्ड्या. लग्नसराईत गड्डी ८० ला पण विकलीय आणि पितृपक्षात १० ला पण दिलीय, वर्षाची ३० धर, महिन्याला ५४ हजार. त्यातनं खत-औषधं १५, दोन माणसं २०, बॉक्स भाडं दलाली १०, उरले ९. आणि १० लाखाचा हप्ता सात वर्षाला १७ हजाराच्या आसपास बसतो. आता तोडणी घरच्यांनी केली तर ते २० वाचतात आणि मग जमतं. एकरात आठ माणसं लागत नाहीत, पाचात भागतं, गाडी पण भरून जाते. सगळ्यात वाईट मधले २० गुंठे, माणसं लावावी लागतात आणि गाडी अर्धी रिकामी. मी तिथंच अडकलोय.

डच_गुलाब: एकराचं भूत डोक्यात घालू नका पोराच्या. भाव पडला की माल चौपट तसा तोटा पण चौपट. २०२० च्या लॉकडाऊनला रोज फुलं तोडून बांधावर टाकली, विक्री शून्य तरी तोडणी आणि फवारणी चालूच ठेवावी लागली, नाहीतर झाडं गेली असती. त्यापेक्षा गुलाब कर, डिसेंबरात छाटणी धरून व्हॅलेंटाइनला माल काढायचा.

मावळी_गडी: साहेब लॉकडाऊन काय दरवर्षी येतो का. आणि फलटणच्या उन्हाळ्यात गुलाबाची कळी बोराएवढी येईल. तुमचं मावळातलं गार हवामान तिथं कुठनं आणणार?

शेतीप्रेमी_अण्णा: ड्रॅगन फ्रूट लावा. कसलीच कटकट नाही.

गुंठामंत्री: अण्णा, कालच्या म्हशीच्या धाग्यावर पण तुम्ही हेच लिहिलंत.

पुणेरी_ताई: फुलांचा भाव पाडला तो प्लास्टिकच्या फुलांनी. भाचीच्या लग्नात अख्खं स्टेज खोट्या फुलांचं होतं, हात लावला तेव्हा कळलं!! बाकी माझ्या गॅलरीतल्या जरबेऱ्याला कळ्याच येत नाहीयेत, काय घालू?

गुंठामंत्री: ऊन घाला ताई. @फलटणकर पाण्याचा ईसी किती?

फलटणकर_९१: ईसी म्हणजे? बोअरचं आहे, थोडं मचूळ लागतं पण उसाला चालतंय की. आणि ५० टक्के सबसिडी आहे म्हणजे पैसे अर्धेच लागणार ना? २ लाख ॲडव्हान्स दिलाय कंपनीला.

मावळी_गडी: अरे देवा. हे आधी सांगायचं होतं. आधी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, मग काम, मग जागेवर येऊन मोका तपासणी आणि शेवटी पैसे. तोवर सगळा खर्च तुझ्याच खिशातनं. आणि सबसिडी सरकारी मापदंडावर मिळते, कंपनीच्या कोटेशनवर नाही. पूर्वसंमतीच्या आधी खांब रोवू नकोस. पाणी तपासून घे, ईसी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, जरबेऱ्याला तो १ च्या आत बरा, नाहीतर आरओ नाहीतर शेततळं, तो खर्च वेगळा. तळेगाव दाभाड्याच्या ट्रेनिंग सेंटरला पाच दिवस जाऊन ये.

डच_गुलाब: वरच्या प्लास्टिक कागदाचे पैसे पण धर, चार-पाच वर्षांनी बदलावा लागतो. वळवाचं वादळ घुसलं तर त्याच्या आधीच.

फलटणकर_९१: ट्रेनिंगला सुट्टी नाही मिळणार, मी पुण्यात जॉबला आहे. गावाकडं वडील बघतील सगळं.

गुंठामंत्री: वडलांचं वय? आणि रोज पहाटे तोडणीला अजून कोण आहे घरी?

फलटणकर_९१: ६४. आईचे गुडघे दुखतात. मग १० गुंठेच टाकू ना?