प्रतिसाद: सीएसव्हीवर ऑक चालवताना
वरच्या पोस्टमध्ये सीएसव्ही फाइलीतली (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) ओळ स्वल्पविरामावर तोडून ऑकने, म्हणजे ओळीओळीने मजकूर हाताळणाऱ्या कमांडने, रकान्याची बेरीज करायचा उपाय सुचवलाय. फाइल साधी असेल तर तो उत्तमच. पण एखाद्या रकान्यात "वही, मोठी" असा अवतरणचिन्हांतला मजकूर आला, की ऑक आतल्या स्वल्पविरामावरही तोडतो. त्या ओळीतले पुढचे रकाने एकेक घर सरकतात, बेरीज चुकते आणि एररही येत नाही. म्हणून आधी प्रत्येक ओळीतल्या रकान्यांची संख्या छापून बघाच, वेगळे आकडे दिसले की समजायचं. जीएनयू ऑक या ऑकच्याच एका प्रकारात 5.3 आवृत्तीपासून सीएसव्हीचा खास पर्याय आहे, तो अवतरणचिन्हं नीट सांभाळतो.

दोन फाइली जोडायच्या असतील तर मात्र मी थेट एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस प्रोग्राम उघडतो. फाइलचं नाव न देता सुरू केलं की डेटाबेस मेमरीतच राहतो. मोड सीएसव्ही करून इम्पोर्टची कमांड द्या. टेबल आधी नसेल तर पहिली ओळ रकान्यांची नावं म्हणून वापरली जाते. टेबल आधीच असेल तर तीच ओळ डेटा म्हणून आत शिरते, तेव्हा ती वगळायला सांगा.

एक गोष्ट आवर्जून तपासा: आकडे मजकूर म्हणून साठले असतील तर क्रम लावताना 100 हे 9 च्या आधी येतं. टाइपऑफ या फंक्शनने डेटाचा प्रकार बघा, गरज पडली तर कास्ट करा, म्हणजे मजकुराचं आकड्यात रूपांतर करा.

डकडीबी या दुसऱ्या डेटाबेस प्रोग्रामात इम्पोर्टही लागत नाही, क्वेरीत फ्रॉमपुढे फाइलचं नाव अवतरणांत दिलं की झालं. मोठ्या फाइलींसाठी माझी पहिली पसंती तीच.