‘आंग्लाळणे’ म्हणजे नेमकं काय?

वाईचा_पोरगा: पणजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांनी भावाला लिहिलेलं एक पत्र सापडलंय. त्यात लिहिलंय, ‘चिरंजीव पुरते आंग्लाळले, टेबलावर ताट मांडून चमच्याने भात खातात.’ आमच्याकडं साताऱ्यात ‘लई साहेब झालाय’ म्हणतात ते हेच का? आणि ही शिवी आहे का हो?

मिरजकर: शिवी नाही पण टोचणी आहे. शब्दाची घडण बघा, फेसाळणे, गंधाळणे तसंच हे आंग्लाळणे, म्हणजे इंग्रजीपणा अंगावर पसरणं. त्यामुळं नुसतं इंग्रजी शिकलेला माणूस आंग्लाळलेला नाही होत, ज्याचं जेवणं, बसणं, बोलणं सगळ्यालाच तो वास लागलाय तो आंग्लाळलेला. आणि आंग्ल म्हणजे फक्त इंग्रज, म्हणून फ्रेंच किंवा पोर्तुगीज वळणाच्या माणसाला हा शब्द नीट बसत नाही, तिथं पाश्चात्त्य म्हणावं लागतं. फिरंगी तर वेगळाच, तो फ्रँक लोकांवरून फारसीतून आलाय आणि तो मुख्यतः माणसाला लागतो.

कृष्णाकाठ: ‘साहेबी’ आणि हे एक नाही. साहेबी म्हणजे थाट, बूट काढले की संपला. आंग्लाळणं आत मुरतं. आणि सुधारक हा तिसराच शब्द. आगरकर आमच्या कराडजवळच्या टेंभूचे, मिल-स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचलेले, पण त्यांना आंग्लाळलेले म्हणणं मला तरी पटत नाही कारण त्यांनी विचार घेतला, ऐट नाही. त्या काळी लोक हा फरक करत नव्हते हो, १८९० सालच्या पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहापानावरून पुढं रानडे-टिळकांवरसुद्धा ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद, आलं, एका कपापायी!

सांगलीची_मावशी: आमची आजी सरळ ‘विलायती चाळे’ म्हणायची. पत्रात पुढं काय आहे ते टाका की.

वाईचा_पोरगा: मिरजकर, कृष्णाकाठ, मनापासून आभार. मावशी, पुढची ओळ टाकतो, शाई जरा पसरलीय पण वाचता येतंय: ‘सूनबाईंसही शेजारीच खुर्ची देतात, दोघे एकदम जेवतात.’ आता कळलं, पणजोबांच्या वडिलांना चमचा नव्हता टोचला, ही दुसरी खुर्ची टोचली होती. पणजी त्या वेळी सोळा-सतरा वर्षांची असेल, आणि घरातल्या बाकी सगळ्या बाया पुरुषांची पंगत उठल्यावर जेवायच्या. मी ते पत्र आज आईला वाचून दाखवलं, तिनं ती ओळ दोनदा वाचायला लावली.